सीबीडीची मात्रा आणि शरीराचा सराव

एखाद्या औषधाचा गुण येईनासा झाला की ‘शरीराला त्याची सवय झाली’ असे निदान घरातल्या घरात केले जाते आणि उपायही तितक्याच सहजपणे ठरतो. तो म्हणजे मात्रा वाढवणे. भांगेच्या वनस्पतीपासून मिळणाऱ्या कॅनाबिडिऑल, अर्थात सीबीडी या द्रव्याच्या नियमित सेवनाबाबत हाच प्रश्न आता वारंवार उपस्थित होतो. रोज घेतलेले सीबीडी काही महिन्यांनी निष्प्रभ होते काय? होत असेल, तर मात्रा वाढवणे हा त्यावरील उतारा आहे काय? उपलब्ध संशोधन पाहता पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘बहुतेकांच्या बाबतीत नाही, काहींच्या बाबतीत होय’ असे आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र बऱ्याच अंशी नकारार्थी आहे.

हा प्रश्न दोन अगदी भिन्न वर्गांपुढे उभा राहतो. पहिला वर्ग असाध्य अपस्माराने ग्रासलेल्या मुलांच्या पालकांचा. दोन-तीन औषधे हरल्यानंतर सीबीडीने झटके कमी झाले आणि काही महिन्यांनी ते पुन्हा वाढू लागले, तर त्या घरावर काय ओढवते याची कल्पना करता येईल. दुसरा वर्ग झोप लागत नाही, पाठ दुखते, मन अस्वस्थ असते म्हणून तेलाचे चार थेंब जिभेखाली घेणाऱ्या शहरी ग्राहकांचा. दोघांची तक्रार एकाच शब्दांत मांडली जाते. तिची कारणे मात्र सहसा वेगळी असतात. ही गल्लत दूर केल्याखेरीज या विषयाचा उलगडा होत नाही.

एकाच झाडाची दोन द्रव्ये

भांग, गांजा आणि चरस देणाऱ्या वनस्पतीत शंभराहून अधिक विशिष्ट रसायने आढळतात. त्यांतील दोन प्रमुख आहेत. टीएचसी या द्रव्याने नशा येते. सीबीडीने येत नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात रॉजर ॲडम्स यांनी १९४० साली सीबीडी वेगळे केले. त्याची नेमकी रचना इस्रायलमधील राफाएल मेशूलाम व त्यांच्या सहकाऱ्याने १९६३ मध्ये उलगडली आणि पुढच्याच वर्षी टीएचसीही हाती लागले. ही द्रव्ये शरीरात कोठे काम करतात, याचा शोध लागण्यास मात्र १९८८ साल उजाडावे लागले. मेंदूतील ‘सीबी-१’ या रिसेप्टरचा, म्हणजे पेशीवरील ग्रहणस्थानाचा, तेव्हा पत्ता लागला. त्या जागी बसणारे शरीराचे स्वतःचे रसायन १९९२ मध्ये सापडले आणि त्याला ‘आनंद’ या संस्कृत शब्दावरून ‘आनंदामाइड’ असे नाव देण्यात आले.

शरीर एखाद्या औषधाला सरावते, ते मुख्यतः दोन मार्गांनी. एक तर यकृतातील विकरे त्या औषधाचा निचरा अधिक वेगाने करू लागतात आणि तेवढ्याच मात्रेतून रक्तात कमी औषध उरते. किंवा औषध ज्या रिसेप्टरवर काम करते, ते रिसेप्टर पेशी आत ओढून घेते अथवा बधिर करते. अफूजन्य वेदनाशामके आणि झोपेच्या अनेक गोळ्या यांच्या बाबतीत मात्रा चढत जाते, ती प्रामुख्याने या दुसऱ्या कारणाने.

टीएचसी या नियमाला अपवाद नाही. गांजाचे दररोज सेवन करणाऱ्यांच्या मेंदूचे विशेष स्कॅन काढून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मेंदूच्या बाह्य आवरणातील सीबी-१ रिसेप्टर सुमारे २० टक्क्यांनी घटलेले आढळले. सुमारे चार आठवडे सेवन बंद ठेवल्यावर ते पूर्ववत होऊ लागले. नेहमीच्या सेवनकर्त्याला पूर्वीइतकी नशा चढण्यासाठी अधिक गांजा का लागतो, याचे हे शरीरशास्त्रीय स्पष्टीकरण होय.

सीबीडीचे गणित निराळे आहे. ते सीबी-१ रिसेप्टरच्या मुख्य जागेवर टीएचसीसारखे घट्ट बसत नाही. उलट, बाजूच्या जागेवरून त्या रिसेप्टरचे काम काहीसे मंदावते, असे प्रयोगशाळेतील अभ्यास सांगतात. त्याशिवाय सेरोटोनिनच्या एका रिसेप्टरवर, वेदना व उष्णता यांची जाणीव करून देणाऱ्या मार्गांवर आणि पेशींतील कॅल्शियमच्या ये-जा करण्यावर त्याचा परिणाम होतो. एकाच कुलपावर सतत ताण देण्याऐवजी अनेक ठिकाणी हलका हात ठेवणारे हे द्रव्य असल्याने टीएचसीच्या पद्धतीचा सराव येथे घडू नये, असा तर्क केला जातो.

त्याला काही प्रत्यक्ष आधारही आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत निरोगी स्वयंसेवकांना चार आठवडे दररोज १५०० मिलिग्रॅम सीबीडी देण्यात आले आणि नंतर काहींचे औषध एकाएकी थांबवण्यात आले. औषध तुटल्यावर व्यसनी व्यक्तीस होतो तसा त्रास त्यांच्यात आढळला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनेही २०१८ साली, शुद्ध सीबीडीत गैरवापर वा अवलंबित्व निर्माण करण्याची क्षमता दिसत नसल्याचा निर्वाळा दिला. अर्थात व्यसन न लागणे आणि गुण कायम राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. व्यसन लावत नाही म्हणून एखादे औषध जन्मभर तितकेच प्रभावी राहील, असे मानण्याचे कारण नाही.

अपस्माराचा पुरावा

सीबीडीबद्दल सर्वांत भक्कम माहिती आहे ती अपस्माराबाबत. ब्राझीलमध्ये १९८० साली झालेल्या एका छोट्या चाचणीत आठ रुग्णांना दररोज २०० ते ३०० मिलिग्रॅम सीबीडी दिले असता त्यांतील निम्मे जवळजवळ झटकेमुक्त राहिले. मोठ्या प्रमाणावरील चाचण्यांसाठी मात्र आणखी तीन दशके जावी लागली. ड्राव्हे सिंड्रोम या बालवयातील तीव्र अपस्मारावर झालेली १२० मुलांची व तरुणांची चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. तीत सीबीडी घेणाऱ्या गटातील मोठ्या झटक्यांचे मासिक प्रमाण १२.४ वरून ५.९ वर आले. प्लॅसिबो, म्हणजे औषध नसलेले दिसायला सारखे द्रावण घेणाऱ्या गटात ते १४.९ वरून १४.१ इतकेच उतरले. या व अशा चाचण्यांच्या आधारे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये ‘एपिडिओलेक्स’ या शुद्ध सीबीडी द्रावणास ड्राव्हे व लेनॉक्स-गॅस्टो या दोन विकारांसाठी मान्यता दिली. २०२० मध्ये ट्यूबरस स्क्लेरॉसिस या तिसऱ्या विकाराची त्यात भर पडली.

या चाचण्या साधारण तीन-साडेतीन महिन्यांच्या होत्या. सरावाचा प्रश्न त्यापुढचा आहे. अमेरिकेतील ६०७ रुग्णांची पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत बारा आठवड्यांनी मोठ्या झटक्यांत सुमारे ५१ टक्के घट झाली होती आणि ९६ आठवड्यांपर्यंत ती जवळजवळ तशीच राहिली. वरवर पाहता प्रश्न येथेच मिटतो.

परंतु सरासरी हा आकडा अनेक गोष्टी झाकून ठेवतो. तेल अवीव येथील डॉक्टरांनी सीबीडीचे प्रमाण अधिक असलेले तेल घेणाऱ्या अपस्माराच्या ९२ रुग्णांचा पाठपुरावा करून नेमका हाच प्रश्न तपासला. गुणात ३० टक्के घट, किंवा तोच गुण टिकवण्यासाठी मात्रेत ३० टक्के वाढ, अशी सरावाची व्याख्या त्यांनी केली. या निकषावर किमान चारांतील एका रुग्णात सराव आढळला आणि तो सरासरी सात महिन्यांच्या आसपास दिसून आला. काहींची मात्रा वाढवल्यावर गुण परतला. काहींचा परतला नाही.

मग ९६ आठवड्यांचा स्थिर आकडा आणि तेल अवीवचा अनुभव यांची सांगड कशी घालायची? एक कारण असे, की दीर्घकाळ चालणाऱ्या खुल्या पाहणीतून ज्यांना गुण येत नाही ते मध्येच बाहेर पडतात. मागे राहतात ते बहुतांशी लाभलेले. साहजिकच उरलेल्यांची सरासरी चांगली दिसते. दुसरे असे, की अशा पाहणीत डॉक्टरांना मात्रा बदलण्याची मुभा असते. त्यामुळे एखाद्याच्या बाबतीत गुण टिकला तो वाढवलेल्या मात्रेमुळे, हे सरासरीत उमटत नाही. तिसरी बाब म्हणजे तेल अवीवचे तेल हे शुद्ध सीबीडी नव्हते. त्यात अल्प प्रमाणात टीएचसीही होते. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले, तर बहुसंख्यांत गुण टिकतो आणि लक्षणीय अल्पसंख्यांत तो ओसरतो, असे म्हणता येते.

अपस्मारावरील औषधांच्या बाबतीत हे नवलाचेही नाही. क्लोबाझामसारख्या औषधांचा गुण पहिल्या काही महिन्यांनंतर उतरतो, हे मेंदुविकारतज्ज्ञांना चांगलेच ठाऊक असते. येथे एक गुंतागुंत आहे. सीबीडी यकृतातील विकरांच्या कामात अडथळा आणते आणि त्यामुळे क्लोबाझामपासून शरीरात बनणाऱ्या प्रभावी घटकाचे रक्तातील प्रमाण सुमारे तिप्पट होते. दोन्ही औषधे एकत्र घेणाऱ्या मुलास सुरुवातीला मिळणारा काही लाभ या वाढीव घटकाचा असू शकतो. पुढे शरीर सरावले, तर ते सीबीडीला सरावले की क्लोबाझामला, हे घरी बसून ओळखता येणे अशक्य आहे.

या चर्चेला भारतीय पूर्वसूत्रही आहे. विल्यम ओ’शॉनेसी या डॉक्टराने १८३९ च्या सुमारास तेव्हाच्या कलकत्त्यात, आकड्या येणाऱ्या अवघ्या चाळीस दिवसांच्या अर्भकाला भांगेच्या अर्काचे थेंब दिले. आकड्या थांबल्या, पण उपचारादरम्यान थेंबांची संख्या पुष्कळच वाढवावी लागल्याची नोंद त्यांनी केली आहे. तो अर्क राळेपासून केलेला होता. त्यातील टीएचसी आणि सीबीडी वेगळे ओळखण्याचे साधन त्या काळी कोणाकडेही नव्हते.

बाटलीतले थेंब

अपस्माराच्या रुग्णालयीन जगातून बाजारातील तेलाकडे वळले की चित्र पालटते. ‘पूर्वी गुण यायचा, आता येत नाही’ या तक्रारीमागे येथे शरीराच्या सरावाआधी तपासून पाहावीत अशी अनेक साधी कारणे आहेत.

पहिले कारण बाटलीत काय आहे हे. अमेरिकेत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ३१ कंपन्यांच्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी करून २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध करण्यात आले. केवळ ३१ टक्के उत्पादनांतील सीबीडी वेष्टनावरील आकड्याशी जुळले. २६ टक्क्यांत ते छापल्यापेक्षा कमी होते, ४३ टक्क्यांत अधिक होते आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडले. मागच्या महिन्याची बाटली आणि या महिन्याची बाटली यांतच तफावत असेल, तर ‘गुण उतरला’ याचा दोष शरीराला देण्यात अर्थ नाही.

दुसरे कारण मात्रेचे. अपस्मारासाठी मान्य मात्रा वजनाच्या दर किलोमागे दररोज १० ते २० मिलिग्रॅम आहे. साठ किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ती ६०० ते १२०० मिलिग्रॅम होते. हजार मिलिग्रॅमची तेलाची बाटली या हिशेबाने एक-दोन दिवसांत संपेल. तीच बाटली महिनाभर पुरवणाऱ्याच्या पोटात दिवसाला तीसेक मिलिग्रॅम जाते. या अल्प मात्रेने झोप सुधारते किंवा वेदना थांबतात, याचा भक्कम पुरावा उपलब्ध नाही.

तिसरे कारण जेवणाचे. सीबीडी चरबीत विरघळते. भरपूर स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणासोबत घेतल्यास त्याचे शोषण उपाशीपोटी घेण्याच्या तुलनेत चार-पाच पटींनी वाढते. कोणी आधी रात्रीच्या जेवणानंतर थेंब घेत असेल आणि नंतर सकाळी उपाशीपोटी घेऊ लागला असेल, तर त्याने नकळत आपली मात्रा एक-चतुर्थांशावर आणली असे होते. चौथे कारण इतर औषधांचे. क्षयरोगावरील रिफाम्पिसिनसारखे औषध यकृतातील विकरांना चेतवते आणि सीबीडीची रक्तातील पातळी खाली आणते. क्षयाचे रुग्ण मोठ्या संख्येने असलेल्या देशात ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

पाचवे कारण आजाराच्या स्वभावात आहे. पाठदुखी, निद्रानाश, चिंता यांना भरती-ओहोटी असते. दुखणे शिगेला पोहोचते तेव्हाच माणूस नवे औषध शोधतो आणि पुढे ते बहुधा आपोआप थोडे ओसरते. त्याचे श्रेय थेंबांना मिळते. पुढची भरती आली की तेच थेंब निकामी ठरतात. आशेचा वाटाही मोठा असतो. ड्राव्हे सिंड्रोमच्या २०२० मधील एका चाचणीत प्लॅसिबो घेणाऱ्या मुलांतही मोठे झटके सुमारे २७ टक्क्यांनी घटल्याचे नोंदले गेले. इतक्या गंभीर विकारात केवळ अपेक्षेचा व आजाराच्या चढउताराचा वाटा एवढा असेल, तर झोपेच्या तक्रारीत तो किती असेल याचा अंदाज करता येईल.

वाढीव मात्रेची किंमत

अशा स्थितीत मात्रा वाढवणे व्यर्थ ठरण्याचीच शक्यता अधिक असते. वर उल्लेखिलेल्या २०२० च्या चाचणीत दर किलोमागे १० आणि २० मिलिग्रॅम अशा दोन मात्रा तपासल्या गेल्या. झटक्यांतील घट दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच, अनुक्रमे सुमारे ४९ व ४६ टक्के, होती. दुष्परिणाम मात्र मोठ्या मात्रेत अधिक होते. चिंतेच्या बाबतीत तर उलटा प्रकार दिसतो. ब्राझीलमधील संशोधकांनी २०१९ साली निरोगी पुरुषांना जाहीर भाषणाच्या कसोटीपूर्वी १५०, ३०० आणि ६०० मिलिग्रॅम सीबीडी देऊन पाहिले. मधल्या मात्रेने अस्वस्थता लक्षणीयरीत्या कमी केली. कमी आणि जास्त या दोन्ही मात्रा तितक्या उपयोगी ठरल्या नाहीत. अधिक घेतले म्हणजे अधिक गुण, हा समज येथे लागू पडत नाही.

शिवाय यकृताचा प्रश्न आहे. व्हॅल्प्रोएट हे अपस्माराचे नेहमीचे औषध घेणाऱ्यांत सीबीडीमुळे यकृतातील विकरे रक्तात वाढण्याचे प्रमाण अधिक असते, हे मूळ चाचण्यांतच दिसले होते. अमेरिकी प्रशासनाच्या शास्त्रज्ञांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत सुमारे २०० निरोगी प्रौढांचा समावेश होता. दर किलोमागे रोज पाच मिलिग्रॅम सीबीडी चार आठवडे घेणाऱ्यांपैकी पाच टक्क्यांहून किंचित अधिक जणांत ही विकरे सामान्य कमाल मर्यादेच्या तिपटीपलीकडे गेली. प्लॅसिबो गटात असे कोणाचेही झाले नाही. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक सीबीडी न घेण्याचा सल्ला दिला. त्यापूर्वी ही मर्यादा ७० होती. रक्त पातळ ठेवणारे वॉर्फरिन घेणाऱ्यांत सीबीडीमुळे त्या औषधाचा प्रभाव वाढल्याच्या नोंदी आहेत. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांसाठी रोज मूठभर गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठांनी हे विशेष ध्यानात ठेवावयास हवे.

सराव सगळाच वाईट असतो असेही नाही. सीबीडीने सुरुवातीला येणारी गुंगी व झोप बहुतेकांत पुढे कमी होते. झोपेसाठी थेंब घेणाऱ्यास मात्र नेमके हेच ‘औषध चालत नाही’ असे वाटू शकते. दुष्परिणामाला शरीर सरावले, एवढाच कित्येकदा त्याचा अर्थ असतो.

आपल्याकडील पेच

भारतात या प्रश्नाला कायद्याचा आणखी एक पदर आहे. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याची शेंडे आणि चरस म्हणजे राळ. शेंड्यांविना असलेली पाने व बिया या व्याख्येबाहेर राहतात. त्यामुळे पानांपासून केलेले अर्क ‘विजया’ या नावाने आयुर्वेदीय औषधे म्हणून परवान्यासह तयार होतात व विकले जातात. भांगेचा समावेश औषध नियमावलीतील आयुर्वेदीय विषारी द्रव्यांच्या सूचीत असल्याने ती वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. त्यांतील अनेकांत सीबीडीसोबत टीएचसीही असते.

येथे मूळ प्रश्नाचे उत्तर बदलते. शुद्ध सीबीडीला शरीर सहसा सरावत नसले, तरी टीएचसीला ते निश्चितच सरावते. संपूर्ण अर्क घेणाऱ्या व्यक्तीला सुरुवातीला मिळालेला आराम टीएचसीचा असेल, तर काही आठवड्यांनी तो ओसरणे हे अपेक्षितच आहे, आणि मात्रा वाढवत नेणे म्हणजे नशेच्या द्रव्याची मात्रा वाढवणे होय. बाटलीवर दोन्ही द्रव्यांचे मिलिग्रॅममधील प्रमाण स्वतंत्रपणे छापलेले नसेल, तर ग्राहकाला हे कळण्याचा मार्ग नाही.

दुसरी गल्लत बियांच्या तेलाची. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ साली भांगेच्या बिया, त्यांचे तेल व पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. त्यांत सीबीडी किलोमागे ७५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये, अशी मर्यादा आहे. म्हणजे चमचाभर तेलात अर्धा मिलिग्रॅमही सीबीडी नसते. हे तेल सीबीडी समजून घेणाऱ्यास गुण आला नाही, तर त्यात शरीराचा काहीच संबंध नाही.

अपस्माराच्या रुग्णांच्या बाबतीत मार्ग स्पष्ट आहे. झटक्यांची रोजची नोंद ठेवणे, औषध नेहमी एकाच प्रकारच्या आहारासोबत देणे, उत्पादन परस्पर न बदलणे आणि झटके पुन्हा वाढताच मेंदुविकारतज्ज्ञांकडे जाणे. मात्रा वाढवायची, सोबतचे औषध बदलायचे की सीबीडी हळूहळू बंद करायचे, हा निर्णय यकृताच्या चाचण्या पाहून त्यांनीच घ्यावयाचा असतो. कोणतेही अपस्मारविरोधी औषध एकाएकी थांबवल्यास झटके उसळण्याचा धोका असतो. ‘काही दिवस बंद ठेवून पुन्हा सुरू केले की गुण येतो’ हा गांजाच्या सेवनकर्त्यांत रूढ असलेला उपाय अशा मुलांच्या जिवावर बेतू शकतो.

बाजारातील ग्राहकासाठी खरा उपाय वैद्यकशास्त्रापेक्षा नियमनात आहे. प्रत्येक बाटलीवर सीबीडी व टीएचसी यांचे तपासलेले प्रमाण, बॅच क्रमांक आणि प्रयोगशाळेचा अहवाल बंधनकारक झाला, तर औषध बदलले की शरीर, याचा निवाडा करता येईल. आयुर्वेदीय औषधांचे परवाने देणाऱ्या राज्यांच्या यंत्रणांना, महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाला, त्यासाठी नमुने घेण्याचे व तपासण्याचे काम सातत्याने करावे लागेल. तोवर थेंबांची संख्या वाढवण्याआधी बाटलीवरील मजकूर डॉक्टरांना वा वैद्यांना दाखवणे आणि सोबत चालू असलेल्या सर्व औषधांची यादी त्यांच्यापुढे ठेवणे, हेच शहाणपणाचे ठरेल.